‘लाइन’ म्हणजे नक्की काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहायचं आणि दिवसभरात ‘लाइन’ हा शब्द एकदाही तोंडातून निघू द्यायचा नाही, हे जमणं कठीण. पाण्याची लाइन, हार्बर लाइन, रिक्षाची लाइन, पोलीस लाइन, लाइनमन, लाइन क्लिअर. शब्द इंग्रजांचा, पण त्याला घरकामाला लावलं आपण. भाषांतर आणि मुद्रितशोधन हे माझं रोजचं काम, त्यामुळे या एका शब्दावरून शेजारी, ओळखीचे शिक्षक आणि सोसायटीचे सेक्रेटरी सतत काहीतरी विचारत असतात. ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. क्रम काटेकोर नाही. काही उत्तरं ऐसपैस आहेत, काही एका वाक्यात संपतात.

हा शब्द मुळात आला कुठून?

जवसातून. चेष्टा नाही. जवस किंवा अळशी म्हणजे आपण चटणी करतो तीच. तिचं लॅटिन नाव ‘लिनुम’. युरोपात या झाडाच्या खोडातून धागा काढत, त्या धाग्याचं कापड ते ‘लिनन’, आणि धाग्याला किंवा दोरीला म्हणत ‘लिनेआ’. लिनेआचं झालं लाइन.

इंग्रजीत हा शब्द दोन वाटांनी शिरला. जुन्या इंग्रजीत ‘लीने’ म्हणजे दोरी, दोरखंड. हा शब्द फार लवकर लॅटिनकडून उचललेला. पुढे १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि फ्रेंच ‘लीन्य’ आला, ज्यात रेघ, ओळ, वंश असे अर्थ होते. दोन्ही एकाच आईची लेकरं. इंग्रजीत येऊन ती पुन्हा एकत्र नांदू लागली.

शास्त्रीय नाव ‘लिनुम उसिटाटिस्सिमुम’ हे वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीयसने १७५३ मध्ये दिलं. दुसऱ्या शब्दाचा अर्थ ‘अत्यंत उपयोगी’. आपल्याकडे विदर्भ-मराठवाड्यात जवस मुख्यतः तेलासाठी पेरतात, धाग्यासाठी नाही. पण संस्कृतात या झाडाला ‘अतसी’ आणि ‘क्षुमा’ अशी नावं आहेत, आणि क्षुमेच्या कापडाला ‘क्षौम’. म्हणजे जवसाचं कापड इथेही ओळखीचं होतं. ‘अळशी’ हा शब्द अतसीवरूनच आला.

दोरीचा एवढा विस्तार कसा झाला? धागा कुठे आणि लोकल गाडी कुठे?

घणसोली-कोपरखैरणेच्या गावठाणांत घरांची कामं बाराही महिने चालू असतात. तिथे थोडा वेळ उभं राहिलं की उत्तर समोर दिसतं. भिंत उचलताना गवंडी दोन्ही टोकांना खिळे ठोकतो आणि त्यांना नायलॉनची दोरी ताणून बांधतो. मग प्रत्येक वीट त्या दोरीला लागेल-न लागेल अशी बसवत जातो. मध्येच दोरीला बोटाने टिचकी मारतो. ती लुळी वाटली की खिळ्याला पुन्हा एक वेढा. शेजारी सुताराला फळीवर रेघ हवी असते. तो निळीत किंवा गेरूत माखलेलं सूत ताणून धरतो, मधोमध चिमटीत उचलतो आणि सोडतो. फट्! सूत काढून घेतलं तरी रेघ फळीवर उरते.

‘लाइन’ या शब्दाचा पुढचा सगळा प्रवास त्या ‘फट्’मध्ये आहे. आधी दोरी, मग दोरीने उमटलेली खूण. खुणेवर वस्तू मांडल्या की ओळ, माणसं उभी केली की रांग. खुणेवरून चालत राहिलं की मार्ग. दोरीऐवजी तार ओढली की टेलिफोन आणि वीज, पोकळ नळ टाकला की पाणी. अर्थ कितीही पांगलेले दिसले तरी प्रत्येकात दोन टोकांमध्ये ताणलेलं काहीतरी असतंच.

आपल्याकडे ‘सूत’ या शब्दाने नेमका हाच प्रवास केला आहे. सूत्र म्हणजे धागा आणि सूत्र म्हणजे नियमही. सूत्रधार नाटकातला, आणि त्याच सूत्रधाराचा झिजून झालेला सुतार. वांड मुलगा वठणीवर आला की तो ‘सुतासारखा सरळ’ होतो, किंवा ‘लाइनीवर येतो’. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच गोष्ट पाहिली. आणि पाया आखण्याला आपले बांधकामवाले ‘लाइनदोरी’ म्हणतात. व्युत्पत्तीच्या हिशेबाने ती ‘दोरीदोरी’ झाली, पण शब्द झकास आहे, मला तो बदलावासा वाटत नाही.

मग ‘लाइन’ला मराठीत एकच नेमका प्रतिशब्द का नाही?

कारण जिथे इंग्रजी एकाच शब्दावर भागवते, तिथे मराठीने आधीच वेगवेगळी खाती उघडलेली आहेत. हाताने ओढतो ती रेघ. भूमितीत असते ती रेषा. वहीत लिहितो ती ओळ. माणसांची ती रांग. पाणी आणि वीज नेते ती वाहिनी. गाडी धावते तो मार्ग. ‘लाइन’ पाहिलं की ‘रेषा’ लिहायची सवय लागलेले भाषांतरकार म्हणूनच फसतात. कवितेच्या चार रेषा नसतात आणि रेशन दुकानासमोर रेषा लागत नाही.

यातले बारकावेही पाहण्यासारखे आहेत. रेघ आणि रेषा दोन्ही ‘रेखा’च्या घरातल्या, पण शाळेत वाटण्या झाल्या. भूमितीच्या पुस्तकात रेषा दोन्ही बाजूंना अमर्याद असते, एका बाजूने थांबली तर तो किरण, दोन्ही बाजूंनी थांबली तर रेषाखंड. युक्लिडने रेषेची व्याख्या ‘रुंदी नसलेली लांबी’ अशी केली. फळ्यावर खडूने ओढतो तिला रुंदी असते, म्हणून ती बिचारी रेघच. ‘ओळ’ आली ‘आवलि’वरून, आणि दिव्यांची आवलि ती दीपावली. म्हणजे दिवाळी ही एका अर्थाने दिव्यांची लाइन आहे.

‘तू कुठल्या लाइनला राहतोस?’ या प्रश्नात लाइन म्हणजे काय?

रेल्वेचा मार्ग, आणि त्याच्या मागोमाग येणारा सगळा स्वभाव. मुंबई परिसरात पत्ता विचारण्याची ही पहिली पायरी. वेस्टर्न, सेंट्रल, हार्बर, ट्रान्स हार्बर यांपैकी उत्तर मिळालं की समोरचा मनातल्या मनात गाड्या बदलून बघतो. लग्नाच्या बोलण्यांतही ‘स्थळ चांगलं आहे, पण वेस्टर्न लाइनचं आहे’ हे वाक्य पूर्ण गांभीर्याने उच्चारलं जातं.

ठाण्याला या प्रश्नात जरा मान आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून निघाली ती ठाण्यालाच आली; अंतर सुमारे ३४ किलोमीटर. पुढच्या वर्षी, १८५४ मध्ये, खाडी ओलांडून लाइन कल्याणपर्यंत गेली. नवी मुंबईची गोष्ट फार नंतरची. मानखुर्दहून खाडीपुलावरून वाशीला प्रवासी गाडी आली १९९२ मध्ये, आणि तीच हार्बर लाइन १९९८ पर्यंत पनवेलला पोचली. ठाण्याहून ऐरोली, रबाळे, घणसोलीमार्गे वाशीकडे जाणारी ट्रान्स हार्बर प्रवाशांसाठी सुरू झाली २००४ मध्ये. तिच्यावरचं दिघा गाव स्थानक उघडलं जानेवारी २०२४ मध्ये. त्याच महिन्यात नेरूळ-बेलापूरहून खारकोपरपर्यंत जाणारी लाइन उरणला भिडली. बेलापूर ते पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ पासून धावते आहे.

रेल्वेत ‘लाइन’ला आणखी एक अर्थ आहे: रुळांची एक जोडी. ठाणे-दिवा दरम्यान ‘पाचवी-सहावी लाइन’ फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली, तेव्हा नवीन मार्ग उघडला नव्हता. त्याच मार्गावर रुळांच्या दोन जोड्या वाढल्या. दोन्ही अर्थ एकाच बातमीत आले की वाचणाऱ्याचा गोंधळ उडतो, आणि ते रास्त आहे.

लेन आणि लाइन एकच का?

नाही. ‘लेन’ हा मूळचा जर्मानिक शब्द, अर्थ बोळ, गल्ली, अरुंद वाट. जवसाशी त्याचा काही संबंध नाही. इंग्रजीत लेन रस्त्यावर, लाइन रुळावर. मराठी वर्तमानपत्रांनी मात्र दोघांना ‘मार्गिका’ या एकाच नावाखाली आणलं आहे. घोडबंदर रस्त्यावर एकाच बातमीत मेट्रो ४ मार्गिकेच्या कामामुळे रस्त्याची एक मार्गिका बंद असते. वाचताना थांबून विचार करावा लागतो की नक्की काय बंद आहे. माझं मत: रस्त्याला ‘लेन’ लिहावं, मेट्रोला ‘मार्गिका’ ठेवावी. लेन सगळ्यांना कळतो.

‘लाइनीत’, ‘लाइनला’, ‘लाइनवर’ यांत फरक आहे का?

आहे, आणि या पानावरचा माझा सगळ्यांत आवडता प्रश्न हाच. इंग्रजीत अर्थ ओळखायला आजूबाजूचं वाक्य पाहावं लागतं. मराठीत बऱ्याचदा प्रत्ययच सांगून मोकळा होतो.

‘लाइनीत’ म्हटलं की रांग. ठाणे स्टेशनबाहेर सॅटिसच्या पुलाखाली शेअर रिक्षासाठी उभं राहताना मागून आवाज येतो, ‘ओ काका, लाइनीत या’. तिथे दुसरा अर्थ संभवत नाही. ‘लाइनमध्ये’ म्हटलं की बहुतेक वेळा धंदा: ‘तो प्रॉपर्टीच्या लाइनमध्ये आहे.’ ‘लाइनला’ म्हटलं की रेल्वेचा मार्ग किंवा आयुष्याचा. ‘मुलगी मेडिकल लाइनला गेली’ यात अभिमान असतो, ‘पोरगं लाइनला लागलं’ यात सुटकेचा निःश्वास, आणि ‘नको त्या लाइनला लागलं’ यात सगळंच आलं. कळंबोलीच्या ट्रकवाल्यांत ‘कुठल्या लाइनला चालतोस?’ म्हणजे गाडी गुजरातकडे जाते की दक्षिणेकडे.

‘लाइनवर’ला अर्थ जास्त आहेत. टेलिफोनच्या काळात ‘लाइनवर राहा’ म्हणजे रिसीव्हर ठेवू नका. ठाणे-बेलापूरच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यांत ‘आज लाइनवर आहे’ म्हणजे उत्पादनाच्या साखळीवर ड्युटी. आणि ‘लाइनवर आणतो त्याला’ ही सरळ धमकी.

क्रियापदंही अशीच कामं वाटून घेतात. लाइन लागते ती माणसांची, टाकतात ती पाण्याची किंवा केबलची, फुटते ती पाण्याची, तुंबते ती ड्रेनेजची, कट होते ती फोनची, सोडतात ती पक्षाची. शेवटची म्हणजे पक्षाची अधिकृत भूमिका. कार्यकर्ते ‘साहेबांची लाइन काय आहे?’ असं विचारतात ते त्यासाठी.

आणि ‘मारतात’ ती?

ती कॉलेजच्या कट्ट्यावर मारतात. अर्थ सगळ्यांना माहीत आहे. इंग्रजीत ‘पिक-अप लाइन’ असतं, पण ते ओळख काढण्यासाठी म्हटलेलं वाक्य. आपल्याकडे तोंड न उघडताही लाइन मारता येते. कोणी नको म्हटल्यावर ती मारत राहणं हा त्रास असतो, आणि त्याला कायद्यात वेगळी नावं आहेत.

‘लाइन क्लिअर’ हे कुठून आलं?

रेल्वेच्या कामकाजातून, थेट. पारंपरिक ब्लॉक पद्धतीत एका स्टेशनचा मास्तर पुढच्या स्टेशनच्या मास्तरला विचारल्याशिवाय गाडी सोडू शकत नाही. पुढचा भाग मोकळा आहे, गाडी पाठवा, अशी जी परवानगी मिळते तिचं नाव ‘लाइन क्लिअर’. एकेरी मार्गावर तर त्या परवानगीची खूण म्हणून ड्रायव्हरच्या हातात टोकन देत असत. उपनगरी मार्गावर आता स्वयंचलित सिग्नल आहेत. पुढचा टप्पा मोकळा झाला की सिग्नल आपोआप बदलतो, प्रत्येक लोकलसाठी मास्तरला फोन फिरवावा लागत नाही. शब्द मात्र कट्ट्यावर, लग्नाच्या बैठकीत आणि महापालिकेच्या फायलींत पूर्वीइतकाच चालतो.

रांगेला इंग्रज ‘क्यू’ म्हणतात, मग आपण ‘लाइन’ का?

ब्रिटनमध्ये रांगेला क्यू, अमेरिकेत लाइन. आपण क्यू लिहितो आणि लाइन बोलतो. क्यू हा फ्रेंच शब्द, अर्थ शेपूट. मारुतीच्या शेपटासारखी रांग म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे पटायला वेळ लागू नये.

पोलीस लाइन, सिव्हिल लाइन्स, मरीन लाइन्स: या कसल्या लाइनी?

लष्करी छावणीतल्या. तंबू किंवा बराकी ओळीने मांडत, म्हणून छावणीच्या त्या भागाला ‘लाइन्स’. मुंबईचं मरीन लाइन्स हे मरीन बटालियनच्या लाइन्सवरून. नागपूरचं सिव्हिल लाइन्स म्हणजे लष्करी नव्हे अशा गोऱ्या अधिकाऱ्यांची वस्ती. पोलीस लाइन म्हणजे पोलीस कुटुंबांची वसाहत, जी पूर्वी खरोखर बैठ्या खोल्यांच्या ओळींची असे. आता तिथे इमारती उभ्या राहिल्या तरी ‘आम्ही लाइनीतली मुलं’ हे तिथे वाढलेले लोक अजून म्हणतात, आणि ज्या ठसक्यात म्हणतात तो ऐकण्यासारखा असतो.

‘डेडलाइन’मध्ये ‘डेड’ का आहे? उगाच घाबरवायला?

उगाच नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धात दक्षिणेकडच्या राज्यांनी जॉर्जियात अँडरसनव्हिल इथे युद्धकैद्यांचा तळ उभारला. फेब्रुवारी १८६४ ते युद्ध संपेपर्यंत तिथे सुमारे ४५ हजार कैदी आले आणि जवळपास १३ हजार मेले, बहुतेक उपासमार, अतिसार आणि स्कर्व्हीने. तळाभोवती लाकडी ओंडक्यांची उंच भिंत होती. भिंतीच्या काही अंतर आत एक साधा, बुटका कठडा फिरवलेला होता. त्याला म्हणत ‘डेड लाइन’. कैद्याने तो कठडा ओलांडला, किंवा त्यावरून नुसता हात पुढे केला, तर वरच्या चौकीतल्या पहारेकऱ्याला गोळी घालायची मुभा होती. युद्धानंतर तळाचा प्रमुख हेन्री वर्झ याच्यावर खटला चालला, त्यात या रेषेची साक्ष निघाली, वर्तमानपत्रांतून शब्द देशभर गेला. वर्झला १० नोव्हेंबर १८६५ रोजी फाशी झाली.

पुढे छापखान्यात यंत्राच्या पाट्यावर एक खूण असे. तिच्या बाहेर गेलेला मजकूर छापला जात नसे. तीही डेडलाइन. आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत बातमी देण्याच्या शेवटच्या वेळेला हा शब्द चिकटला. जागेची रेषा वेळेची झाली. मराठीत ‘अंतिम मुदत’ नेमकं आहे, सौम्यही आहे. माझं काम वेळेत झालेलं नसलं की मी तेच वापरते.

हॉटलाइन, एअरलाइन वगैरे?

हॉटलाइन म्हटलं की लाल टेलिफोन डोळ्यांपुढे येतो. पण क्यूबाच्या पेचप्रसंगानंतर १९६३ मध्ये वॉशिंग्टन आणि मॉस्को यांच्यात जी पहिली थेट जोडणी झाली ती टेलिफोनची नव्हती, टेलिप्रिंटरची होती. बोलण्यात ऐकण्या-समजण्याची चूक होते, लिहिलेलं पुन्हा वाचता येतं.

एअरलाइनची गंमत अशी की हा शब्द विमानाहून जुना. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत ‘एअर लाइन’ म्हणजे पक्षी उडेल तसा सरळ मार्ग, आणि आपला मार्ग सरळ आहे हे मिरवायला रेल्वे कंपन्या तो शब्द नावात घालत. सीबोर्ड एअर लाइन ही चक्क रेल्वे होती. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं. तिथे दिसणारा ‘एअरलाइन्स’ हा शब्द रुळांवरून आलेला आहे.

सीमारेषा, ताबारेषा, पूररेषा यांत ‘रेषा’च का?

कारण या नकाशावर आखलेल्या असतात. अफगाणिस्तानच्या बाजूची ड्युरंड रेषा १८९३ ची, तिबेटच्या बाजूची मॅकमोहन १९१४ ची, फाळणीची रॅडक्लिफ १९४७ ची, आणि काश्मीरमधली नियंत्रण रेषा म्हणजे ताबारेषा सिमला करारानंतरची, १९७२ ची. जमिनीवर त्या शोधायला गेलात तर नदी, डोंगर आणि तार दिसेल.

आपल्याला जास्त जवळच्या रेषा दोन. पहिली भरतीरेषा, म्हणजे भरतीचं पाणी जिथवर चढतं ती. किनारपट्टीचे सीआरझेड नियम १९९१ मध्ये पहिल्यांदा आले, तेव्हापासून खाडीकाठच्या बांधकामाचं अंतर याच रेषेपासून मोजतात. ठाणे खाडीच्या दोन्ही काठांवर घर घेणाऱ्याने ती कुठून जाते ते विचारावं. दुसरी पूररेषा, ती दुहेरी असते: निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. उल्हास नदीच्या काठी प्लॉट दाखवणारा एजंट या दोन्हींबद्दल आपणहून बोलेल अशी अपेक्षा ठेवू नये.

जहाजांच्या पोटावरही एक रेषा असते. माल जास्त भरून बुडणाऱ्या जहाजांविरुद्ध सॅम्युएल प्लिमसॉल या ब्रिटिश खासदाराने मोहीम चालवली आणि १८७६ च्या कायद्याने जहाजावर भाररेषा रंगवणं सक्तीचं झालं. न्हावा-शेवा बंदराला लागणाऱ्या जहाजांवर वर्तुळ आणि त्यातून जाणारी आडवी रेघ दिसते, ती हीच. खाडीतले कोळी बांधव मात्र लाइनच्या सगळ्यांत जुन्या अर्थाशी अजून रोज भेटतात: गळाला बांधलेली दोरी. आता ती नायलॉनची असते आणि तिला ‘तंगूस’ म्हणतात.

‘लाइन क्रॉस केली’ म्हणजे लक्ष्मणरेषा ओलांडली का?

मर्यादा सोडण्याच्या अर्थाने हो, चालेल. लक्ष्मणरेषेचा प्रसंग वाल्मीकी रामायणात नाही, नंतरच्या परंपरेत आला, पण मराठीत तो शब्द पक्का रुजला आहे. फक्त ठाण्यात ‘लाइन क्रॉस करू नको’ हे वाक्य आईने मुलाला सांगितलं तर बहुतेक वेळा तिला रूळ अभिप्रेत असतात. तो रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

ब्लाउजचं ‘लायनिंग’ आणि ब्रेकचं ‘लायनर’ याच कुळातलं?

हो. कपड्याला आतून लावायचं कापड पूर्वी जवसाच्या धाग्याचं, म्हणजे लिननचं असे, म्हणून ते लावणं म्हणजे ‘लाइन’ करणं. गोखले रोडवरच्या शिंप्याला ‘अस्तर’ म्हटलेलं कळतं आणि ‘लायनिंग’ म्हटलेलंही. आतून लावलेला कुठलाही थर मग लायनर झाला. बटणांचा आकारही ‘लाइन’मध्ये मोजतात. तिथे ४० लाइन म्हणजे एक इंच. शर्टाचं नेहमीचं बटण १८ लाइनच्या आसपास असतं. हे मोजमाप फ्रेंचांकडून आलं.

शेवटी ‘लाइन’ असलेले सगळे इंग्रजी शब्द नातेवाईक का?

नाही. पाइपलाइन, हेडलाइन, आउटलाइन, ऑनलाइन हे सख्खे. लिनोलियमही नात्यातलं, कारण ते जवसाच्या तेलापासून करत. पण डिक्लाइन आणि इन्क्लाइन ‘झुकणे’ अर्थाच्या लॅटिन धातूचे. सलाइन मिठाचं. लायन म्हणजे सिंह, त्याचा काहीच संबंध नाही, लायन्स क्लबाचाही नाही.

सोसायटीच्या नोटिशीत ‘ड्रेनेज लाइन’ लिहावं की ‘मलनिस्सारण वाहिनी’?

नोटीस कोण वाचणार आहे ते बघा. महापालिकेला पत्र असेल तर ‘मलनिस्सारण वाहिनी’ आणि ‘जलवाहिनी’, कारण त्यांच्या फायलींत तेच शब्द आहेत आणि अर्ज योग्य टेबलावर जातो. जिन्याखालच्या फळ्यावर लिहायचं असेल तर ‘बी विंगची ड्रेनेज लाइन तुंबली आहे, दुपारपर्यंत पाणी जपून वापरा’ एवढं पुरे. प्लंबरला मलनिस्सारण वाहिनी सांगितलीत तर तो आधी तुमच्याकडे बघेल. ‘लाइनमन’चं ‘वीजतंत्री’ वगैरे करण्याच्या भानगडीतही पडू नये; खांबावर चढलेल्या माणसाला खालून लाइनमन म्हणूनच हाक मारतात.

अनेकवचन ‘लाइनी’, ‘लायनी’ की ‘लाइन्स’?

‘लाइनी’ बिनधास्त लिहा. ‘लायनी’ हा त्याचाच बोलीतला उच्चार, संवादात शोभतो. ‘लाइन्स’ फक्त विशेषनामांत: मरीन लाइन्स, सिव्हिल लाइन्स. अर्थाने रांगेच्या जवळ असूनही हा शब्द रूपाने रांगेमागे गेला नाही, नाहीतर ‘लाइना’ आणि ‘लाइनेत’ झालं असतं. तो गेला ओळीच्या मागे: ओळ, ओळी, ओळीत, लाइन, लाइनी, लाइनीत. ‘लाइन’ की ‘लाईन’ हा वाद वेगळा आहे; दोन्ही सर्रास छापलं जातं, एका लेखात एकच ठेवा.